ब्रन्झविक सेंटर कुरूप म्हणण्याआधी

तुमच्या लेखात लंडनच्या ब्रन्झविक सेंटरला, म्हणजे दुकानं आणि घरं एकत्र असलेल्या त्या मोठ्या इमारतीला, सरळ "काँक्रीटचा राक्षस" म्हणून टाकलंय, ते काय पटलं नाही बुवा. मी रसेल स्क्वेअरजवळ शिकायला होतो तेव्हा दूध-भाजीला रोज तिथेच जायचो, खाली दुकानं, सिनेमा, कॅफे आणि वर पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारे पाचशेच्या वर फ्लॅट, प्रत्येकाला काचेची बाल्कनी, त्यामुळे थोडं का होईना ऊन आत येतं (लंडनमध्ये उन्हाची किंमत तिथे राहिल्याशिवाय कळत नाही!). आर्किटेक्ट पॅट्रिक हॉजकिन्सनला गगनचुंबी टॉवर नकोच होता, कमी उंचीत दाट वस्ती बसवायची होती. १९७२ला बांधून झालं. आणि तो कळकट करडा रंग त्याच्या डोक्यात नव्हताच हो, क्रीम रंग द्यायचा होता, पण पैसे वाचवायला काँक्रीट तसंच उघडं सोडलं, मग पावसाने डाग पडून पार अवकळा आली आणि शिव्या मात्र डिझाइनला. २००० साली ब्रिटनच्या जपायच्या इमारतींच्या वारसा यादीत (ग्रेड टू दर्जाने) गेलं, २००६च्या डागडुजीत शेवटी रंग लागला. तेव्हा कुठे दुकानं परत भरली. लेखातला फोटो त्याआधीचा वाटतोय, आत्ताचा टाका की.