दुसऱ्याच्या नावाने नाव काढा

दादरला वन बीएचके परवडत नाही म्हणून खचू नका. साहित्यात अजून भरपूर जागा आहे, फक्त वर पाटी दुसऱ्याच्या नावाची लावायची.

आधी कागद. फोर्टच्या फूटपाथवर जा, जुनं पुस्तक उचला आणि त्यातली कोरी पानं तेवढी काढून घ्या. लंडनच्या विल्यम हेन्री आयर्लंडने हेच केलं. वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करणारा, वडिलांच्या मते मठ्ठ पोरगा. वडील शेक्सपिअरवेडे! पोराने 1794 मध्ये त्यांना शेक्सपिअरची सही ‘शोधून’ दिली, मग पत्रं, मग अख्खं नाटक. बॉस्वेलसारख्या नामांकित चरित्रकाराने त्या कागदांपुढे गुडघे टेकून मुके घेतले. 2 एप्रिल 1796 ला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात नाटक लागलं, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि पहिलाच प्रयोग शेवटचा ठरला. (आपल्याकडे निदान दुसऱ्या प्रयोगाला पास तरी वाटतात.) शेवटी पोराने कबुली दिली, तर वडील मरेपर्यंत मानायला तयार नाहीत: याच्या हातून एवढं होणंच शक्य नाही! लंडन काय नि गिरगाव काय, बाप तो बापच.

कागद जुनाट दिसायला कटिंग चहा पुरतो. हिटलरच्या रोजनिशा ‘लिहिणाऱ्या’ कोन्राड कुयाउने चहाच वापरला. जर्मनीच्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाने साठेक वह्यांसाठी 93 लाख मार्क मोजले. वहीवर अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या ‘एएच’ऐवजी चक्क ‘एफएच’ चिकटवलं होतं, पण एवढे पैसे मोजल्यावर अक्षरं कोण बघतो? 1983 मध्ये तपासणीत कागदात महायुद्धानंतरचं रसायन निघालं आणि मग सगळ्यांना अचानक वाचता येऊ लागलं.

खरी कला मात्र गिऱ्हाईक ओळखण्याची. काशीत कंपनीच्या फौजेतल्या फ्रान्सिस विल्फर्डला आपल्या पुराणांत इजिप्त नि बायबलातला नोआ सापडायला हवे होते. पदरच्या पंडिताने पोथ्यांत खाडाखोड करून ते सापडवून दिले. साहेबाने ते ‘एशियाटिक रिसर्चेस’ या विद्वानांच्या नियतकालिकात थाटात छापलं, आणि पुढे आपण फसल्याचंही तिथेच छापलं. पंडिताला नावं ठेवू नका. मागणी तसा पुरवठा.

एवढी खटपट नको असेल, तर पुलंचा फोटो घ्या, खाली चार ओळी स्वतःच्या लिहा आणि पहाटेच सोसायटीच्या ग्रुपवर सोडा. ‘हे पुलंचं नाही’ म्हणणारा एखादा निघतोच. त्याला ‘भावना बघा’ म्हणायचं.

आणि पकडले गेलात तर? कुयाउ तुरुंगातून सुटला आणि स्वतःच्या सहीने ‘अस्सल नकला’ विकू लागला. त्या इतक्या खपल्या, की त्यांच्याही नकला बाजारात आल्या. तेव्हा तुमची सही आतापासूनच जरा किचकट ठेवा.