कॅसिनोचा कायदा गेला, पण फाईल परत येणार आहे

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा कायदा होता आणि तो तब्बल 47 वर्षं होता, हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. 1976 साली, ऐन आणीबाणीत, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण आणि कराचा कायदा मंजूर केला. फक्त तो लागू कधीपासून, याची अधिसूचना काही निघाली नाही. पुढे शरद पवारांचं पुलोद सरकार आलं, परत काँग्रेस आली, युती आली, आघाडी आली. कुणी तो लागू केला नाही आणि कुणी रद्दही केला नाही. अधूनमधून कुणी कोर्टात जायचं, कुणी निवेदन द्यायचं, पर्यटन आणि महसूल हे दोन शब्द पेपरात झळकायचे आणि फाईल पुन्हा कपाटात. 2023 मध्ये एकदाचा तो रद्द झाला.

मला तो निर्णय पटला. पण तेव्हा जी कारणं सांगितली गेली ती फारशी पटली नाहीत. संस्कृती, संतांची भूमी वगैरे. अहो, आमच्याकडे गणपतीत जागरणाच्या नावाखाली रात्रभर तीन पत्ती चालते. कोकणात आणि गोव्यात जत्रेत देवळापासून हाकेच्या अंतरावर गडगड्याचा, म्हणजे फाशांवरच्या जुगाराचा, पट मांडलेला असतो. मुंबईच्या मटक्याचे आकडे एकेकाळी गावोगावच्या पानटपरीवर पोचत होते, तेही मोबाईल नसताना. तेव्हा मराठी माणूस जुगारापासून चार हात लांब आहे, हा आव कुणी आणू नये.

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. जुगाराची सवय लागते ती खेळणाऱ्याला, हे सगळे बोलतात. सरकारलाही लागते, हे कुणी बोलत नाही. आणि खेळणाऱ्याची सवय कधीतरी सुटू शकते, घरचे त्याला धरून ठेवतात, कुणीतरी त्याचं कार्ड काढून घेतं. तिजोरीचं कार्ड कोण काढून घेणार?

यासाठी लांब जायची गरज नाही. आंबोली घाट उतरा, सावंतवाडी, बांदा, पुढे पणजी. संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालत जा. रस्त्याच्या एका बाजूला जुन्या सरकारी इमारती, दुसऱ्या बाजूला कॅसिनोंची तिकीट काउंटर. दर पन्नास पावलांवर एखादा पोरगा हातात पत्रक घेऊन विचारतो, "सर, कॅसिनो?" पॅकेजमध्ये खेळायच्या चिप्स, जेवण, दारू, नाच. छोटी बोट तुम्हाला नदीतल्या मोठ्या जहाजावर नेऊन सोडते. रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचा, एमएच 09, एमएच 12, केए 22. शुक्रवारी रात्री तर कोल्हापूर आणि बेळगावचं अर्धं मित्रमंडळ तिथेच भेटेल.

आता हे तिथे आलं कसं ते बघा. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा 1976 चाच. 1992 मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट करून दिली. मग 1996 मध्ये जहाजांवर टेबलाचे खेळ. कायद्यात जहाज समुद्रातलं होतं. प्रत्यक्षात ती नांगर टाकून उभी राहिली राजधानीच्या शहरासमोर, नदीत. काँग्रेसच्या राज्यात त्यांची संख्या वाढली, तेव्हा विरोधी बाकावरून सगळ्यात मोठा आवाज मनोहर पर्रीकरांचा होता. कॅसिनो मांडवीतून हलवू, असं सांगत भाजपने लोकांकडे मतं मागितली. 2012 मध्ये सत्ता आली. जहाजं हलली नाहीत. मग सुरू झाला मुदतवाढीचा खेळ, दर सहा महिन्यांनी मंत्रिमंडळाची बैठक आणि आणखी सहा महिने. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, मुदतवाढ तेवढी नियमित. पर्रीकर माणूस अप्रामाणिक होते असं मला म्हणायचं नाही, तसं ते नव्हतेच. म्हणून तर हे उदाहरण महत्त्वाचं आहे. त्यांच्यासारख्या माणसालाही जे जमलं नाही ते आपल्या एखाद्या मंत्र्याला जमेल, असं कोण छातीठोक सांगेल?

जुलै 2017 मध्ये ऐन पावसाळ्यात एक कॅसिनो जहाज मांडवीत आणताना मिरामारच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतून बसलं. पणजीच्या लोकांनी ते रोज बघितलं. त्यावर ओरड झाली, विधानसभेत चर्चा झाली, आणि व्यवसाय चालूच राहिला.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. 2023 मध्ये जीएसटी परिषदेत ऑनलाईन खेळ, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींवर 28 टक्के कराचा विषय आला. कर लावायचा कशावर, खेळायला आणलेल्या पूर्ण रकमेवर की कॅसिनोच्या निव्वळ कमाईवर, असा वाद होता. निव्वळ कमाईवर लावा असं कोण म्हणालं? गोवा आणि सिक्कीम. म्हणजे ज्या राज्यांनी या धंद्यावर नजर ठेवायची, तीच राज्यं दिल्लीत त्याची बाजू मांडत होती. मी त्यांना दोष देत नाही. हजारो पोरं त्या जहाजांवर नोकरीला आहेत, शेकडो कोटींचा महसूल आहे, लहान राज्य आहे. त्या खुर्चीत बसलो तर मीही हेच करीन कदाचित. पण मग त्याला नियंत्रण म्हणू नका, भागीदारी म्हणा.

आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशाला गोव्याच्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. सिक्कीमनेही 2016 मध्ये आपल्या लोकांना दार बंद केलं. सिंगापूरचं नाव घेणाऱ्यांनी हेही बघावं की तिथे 2010 मध्ये कॅसिनो उघडले तेव्हापासून नागरिकाला आत जायलाच शंभर सिंगापूर डॉलर मोजावे लागत होते, 2019 मध्ये ते दीडशे झाले. परदेशी पर्यटकाला ही फी नाही. याचा सरळ अर्थ लावा. स्वतःच्या माणसासाठी ही वस्तू वाईट आहे हे सरकारला पक्कं ठाऊक आहे, शेजाऱ्याच्या माणसाला विकायला हरकत नाही. गोव्याच्या हिशोबात तो शेजारी म्हणजे तुम्ही आणि मी.

महाराष्ट्राने असं दुकान थाटलं तर गिऱ्हाईक कोण? मुंबई-पुण्याचा पैसा बाहेर जातो, तो इथेच राहील, हाच समर्थकांचा मुख्य मुद्दा आहे. म्हणजे गिऱ्हाईक आपलेच. मग गोव्यासारखी स्थानिकांना बंदी घालताच येणार नाही, कारण तोच तर धंदा. कोल्हापूरचा माणूस आठ तास गाडी चालवून जाऊन-येऊन वर्षातून एकदा पाच हजार घालवतो, त्याला आपण घराजवळ सोय करून देणार. दर शनिवारी.

"बेकायदा चालतंच ना, मग कायदेशीर करा," हा युक्तिवाद मला खरंच गंभीर वाटतो, कारण तो ढोंगी नाही. पण तोही आपण करून बघितलाय. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 मध्ये सुरू झाली. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये, त्यांना सरकारी, खात्रीचा पर्याय मिळावा, हाच तेव्हाचा विचार. मटका संपला? त्याचा खरा सुवर्णकाळ तर त्यानंतरचा, सत्तरचं आणि ऐंशीचं दशक. दोन्ही धंदे एकाच गल्लीत सुखाने नांदले. कारण सोपं आहे. मटक्यावाला उधार देतो, एक रुपयाचाही आकडा घेतो, ओपन-क्लोज, म्हणजे निकालाचे आकडे, दिवसाला दोनदा देतो आणि कर कापत नाही. सरकारला यातलं एकही करता येत नाही. कायदेशीर कॅसिनोला हजार-दोन हजारांचं तिकीट लागणार. आकडा लावणारा हमाल तिथे जाणार नाही. तो जिथे जात होता तिथेच जाईल, आणि वरून नवीन गिऱ्हाईक तयार होईल, जे आजवर पोलिसांच्या भीतीने का होईना, लांब होतं.

टेबलाचं गणितही कुणी सांगत नाही. रूलेटमध्ये फिरत्या चाकावरची गोळी कुठल्या आकड्याच्या घरात थांबेल यावर पैसे लावतात. चाकावर एक शून्य असेल तर 37 घरं, पैसे मिळतात 35 ला 1 या भावाने. शंभर रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोचे. दोन शून्यांचं चाक असेल तर 5 रुपये 26 पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चाक रात्रभर फिरतं आणि तेच शंभर रुपये पन्नास वेळा त्याच टेबलावर येतात.

आमच्या ओळखीतला एक जण कापडाच्या दुकानात कामाला आहे. कॅसिनो त्याने जन्मात बघितलेला नाही. त्याचा कॅसिनो मोबाईलमध्ये होता, रमीचा. चहाला बसला की फोन टेबलावर पालथा ठेवायचा. एकदा तो उठून गेला तेव्हा फोन थरथरला, त्याच्या भावाने उलटून बघितला तर मेसेज, पाचशेचा बोनस, फक्त आज रात्री बारापर्यंत. तोवर बायकोची पाटली गोल्ड लोनमध्ये गेली होती आणि ओटीपी तिच्याच फोनवर येत होता, तोही हाच गोड बोलून विचारून घ्यायचा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांचे ऑनलाईन खेळ कायद्यानेच बंद केले. सुमारे 45 कोटी लोक वर्षाला 20 हजार कोटी रुपये यात घालवतात, असा सरकारचाच अंदाज होता. ते ॲप बंद झालं. पुढच्या पंधरवड्यात त्याला टेलिग्रामवर दुसऱ्या कुठल्यातरी ॲपची लिंक आली, हेही सांगितलं पाहिजे.

तर मग सरकारची सवय सुटते की, असं कुणी म्हणेल. बरोबर, केंद्राने 28 टक्के कर देणारा धंदा एका अधिवेशनात बंद केला, माझ्या म्हणण्याला हा अपवाद आहे आणि मी त्याचं स्वागतच करतो. पण त्याच वेळी गोव्याच्या जहाजांना हात लागला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांच्यावरचा कर 40 टक्के झाला, बस. संविधानात जुगार हा राज्यांचा विषय आहे हे खरं, पण ॲप बंद करताना ते आड आलं नाही. फरक एवढाच की ॲपच्या पैशावर कुणा एका राज्याचं अंदाजपत्रक उभं नव्हतं.

राज्याची हद्द जुगार पाळत नाही, हे आपल्याला आज कळलेलं नाही. पन्नासच्या दशकात बंगळुरूहून छापून येणाऱ्या एका साप्ताहिकातल्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांवर मुंबई राज्याने कर लावला होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1957 मध्ये कोर्टाने सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही. म्हणजे कुणालाही कॅसिनो काढायचा हक्क नाही. देणं न देणं सर्वस्वी राज्याच्या हातात आहे.

जुना कायदा रद्द झाल्याचा एक फायदा आहे. आधी एका अधिसूचनेत काम झालं असतं, आता कुणाला कॅसिनो हवा असेल तर नवं विधेयक सभागृहात मांडावं लागेल. ते मांडलं जाईल, आज नाही तर तिजोरीत खडखडाट होईल त्या वर्षी. त्या दिवशी आपल्या आमदाराला संस्कृतीबद्दल विचारू नका, त्यावर तो तासभर बोलेल. विधेयकात परवान्याची अंतिम तारीख आहे का, मुदतवाढ मंत्रिमंडळ देणार की सभागृह, आणि हा पैसा पगार आणि योजनांमध्ये जाणार नाही याची तरतूद कुठल्या कलमात आहे, एवढं विचारा. आणि विचारताना राज्य लॉटरीचं काय करायचं ठरवलंय, तेही विचारून घ्या.