सर्व्हरचं खाणं मोजू नये

महापे-ऐरोलीकडच्या एखाद्या काचेच्या इमारतीत तुम्ही नव्याने सर्व्हर सांभाळायला लागला असाल, तर मेमरीच्या मर्यादेच्या भानगडीत पडूच नका. 'युलिमिट -ए' ही मर्यादा दाखवणारी कमांड चालवल्यावर व्हर्च्युअल मेमरीसमोर 'अनलिमिटेड' दिसलं की समजायचं, घर खातंपितं आहे. पाहुण्याच्या पोळ्या मोजायची आपल्यात रीत नाही.

वरून फारच तगादा आला, तर आपल्या टर्मिनलमध्ये 'युलिमिट -व्ही ४१९४३०४' मारा. आकडा किलोबाइटमध्ये, म्हणजे ४ जीबी. ही मर्यादा त्या शेलला (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमला) आणि त्याच्या पोटी जन्मलेल्या प्रोसेसना लागते, आधीपासून चालू असलेल्या सर्व्हिसला तिचा पत्ताही नसतो. पण मेलमध्ये 'लिमिट लावली आहे' असं लिहायला तेवढं पुरतं. 'युलिमिट -एम', म्हणजे प्रत्यक्ष रॅमची मर्यादा, तर त्याहून सोयीचं: आताचा लिनक्स आकडा मुकाट घेतो आणि करत काहीच नाही, आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीसारखा.

काम भारदस्त दिसायला हवं असेल, तर 'लिमिट्स.कॉन्फ' या मर्यादांच्या फाइलमध्ये सॉफ्ट (सध्या लागू) आणि हार्ड (कमाल) अशा दोन ओळी टाका. ती फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते. सिस्टमडीने, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने, उठवलेली सर्व्हिस लॉगिन करतच नाही, तिच्यासाठी तिच्या युनिट फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) 'मेमरीमॅक्स' ही कमाल मेमरीची ओळ लागते. हे कुणाला सांगत बसू नका. आणि 'प्रॉक' फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली 'लिमिट्स' नावाची फाइल असते, ती तर चुकूनही उघडू नका. तिथे खरं लिहिलेलं असतं.

मग रात्री अडीचला फोन येईल. मला आला होता, घोडबंदर रोडच्या घरी, गाढ झोपेत. लॅपटॉप उघडून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग पाहिला: 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', आणि पुढे आमचा डेटाबेस. मेमरी फस्त केली होती टायमरवर चालणाऱ्या रिपोर्टच्या स्क्रिप्टने. पण मेमरी संपल्यावर कुणाला मारायचं हे ठरवताना कर्नल साधारणपणे सगळ्यात जाडजूड कोण ते बघतो, गुन्हा कुणाचा ते नाही. त्या स्क्रिप्टलाच 'मेमरीमॅक्स' दिलं असतं, तर ती एकटी मेली असती आणि मी सकाळपर्यंत घोरलो असतो. असल्या मोहात पडू नका.

सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभ्या उभ्या मोबाइलवर आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल, लिहा: 'अचानक लोड वाढला.' उपाय म्हणून रॅम १६ ची ३२ जीबी करून मागा. स्क्रिप्टला हात लावू नका, ती साहेबांनी स्वतः लिहिली आहे.