‘निम्मी फी’ म्हणालो, ती चूक आमची

सर, नमस्कार. ‘निम्मी फी माफ होईल म्हणाले, आणि १,२०,००० पैकी ६७,५०० आम्हीच भरले. शेजारच्या मुलीला पूर्ण माफी, आमच्या मुलाला का नाही? मॅनेजमेंटची सीट लातुरातच मिळत होती, तीही घेऊ दिली नाही. सल्ल्याचे ५०० रुपये पाण्यात,’ असं तुम्ही लिहिलंत. वाचून रात्रभर चैन पडलं नाही.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ५० टक्के मिळतात ते ट्यूशन फीचे, डेव्हलपमेंट फीचे नाहीत. तुमच्या पावतीवर ट्यूशन १,०५,००० आणि डेव्हलपमेंट फी १५,०००. म्हणून माफी ५२,५००. हे गणित आमच्या दुकानातल्या पोराने कागदावर मांडून द्यायला हवं होतं. तो नुसतं ‘निम्मी’ म्हणून मोकळा झाला. तुम्ही ६०,००० ची तयारी करून गेलात. वरचे ७,५०० म्हणजे पुण्यात मुलाच्या मेसचे दोन महिने, याची मला जाणीव आहे. माफ करा.

मुलींची पूर्ण माफी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आली. वर्षाला ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. मुलांना ती लागू नाही.

मॅनेजमेंट सीटबद्दल मात्र मी आजही तेच सांगेन. कॅपबाहेरच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून न येता कॉलेज स्वतः देतं त्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. तिथे हे ५२,५०० सुद्धा गेले असते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच बोलायला हवी होती. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज दरवर्षी रिन्यू करावा लागतो, आणि आई-वडील दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. वेतनवाढ, महागाई भत्ता धरून उत्पन्नाचा दाखला ८ लाखांच्या वर गेला, तर त्या वर्षी काहीच मिळणार नाही. नोकरदारांच्या घरात हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी आडवं येऊ शकतं. कर्ज काढणार असाल तर पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेची ३ टक्के व्याजसवलत हिशोबात धरू नका. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही.

तुमचे ५०० रुपये परत करतोय. तुम्हा नवरा-बायकोचे फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि कॉलेजची पावती घेऊन या, चारही वर्षांत खिशातून किती जाणार ते मी स्वतः लिहून देतो. रविवारीही दुपारपर्यंत मी दुकानातच असतो.