आळशी? पहाटे बागेत येऊन बघा

"चालढकल करणारे मुळात आळशी, त्यांनी वेळापत्रक पाळायला शिकावं" हे चालढकलीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझे दीर पिंपळगाव बसवंतला द्राक्षं करतात. डावणी रोगाची भीती असली की पहाटे ट्रॅक्टर घेऊन फवारणीला हजर. पण सोसायटीच्या कर्जाचे कागद महिनोन्महिने कपाटात! ते काढा म्हटलं की नेमकी त्याच दिवशी पाण्याची मोटार दुरुस्त करायची असते. (आणि करतातही, उत्तम.) कागद उघडला की आकडा दिसणार, त्याची धास्ती. फ्युशा सिरवा आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडलं होतं, की नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका मिळावी म्हणून माणूस काम पुढे ढकलतो. तिथे वेळापत्रक काय करणार?

लेखातल्या चालढकलीच्या लक्षणांच्या यादीत 'निर्णय लांबवणे' सरसकट टाकलंय, तेही खटकलं. परतीचा पाऊस रेंगाळला की आमच्या नाशिककडे कितीतरी बागायतदार ऑक्टोबरची छाटणी मुद्दाम पुढे नेतात. कारण विचारा, हवामानाच्या अंदाजासकट सांगतील. त्यांना या यादीत कशाला बसवायचं?