मनातल्या मनात रिप्ले कशाला, खरा द्या ना

ऑस्टिनला राहतो, टेक्सास युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा फॅन आहे, हे आधीच सांगतो. 19 ऑक्टोबर 2024 ची जॉर्जियाविरुद्धची मॅच अजून डोक्यातून जात नाही. तिसरा क्वार्टर, आपण 23-8 ने मागे, आणि आपल्या डिफेन्सच्या जाहदे बॅरनने त्यांचा पास मधल्यामध्ये पकडला आणि पळत पार त्यांच्या गोल-लाइनपासून 9 यार्डवर नेला. घरात आम्ही नुसता धिंगाणा घालतोय आणि तेवढ्यात फ्लॅग, म्हणजे रेफरीने फाऊल दिला. डिफेन्सिव्ह पास इंटरफिअरन्स, म्हणजे पास घेणाऱ्याला बॉल यायच्या आधीच अडवलं! रिप्लेत नीट बघा, बॅरनची नजर बॉलवर आहे, अंगावर आलाय तो रिसिव्हर (पास घेणारा).

मग स्टुडंट सेक्शनमधून बाटल्या पडायला लागल्या, कोच सार्किशियन स्वतः तिकडे जाऊन पोरांना थांबवत होता, खेळ थांबला आणि त्या वेळात रेफरी एकत्र आले, बोलले आणि फ्लॅग मागे घेतला. निर्णय बरोबरच झाला, पण मला आनंद नाही झाला. जॉर्जियाचा कोच कर्बी स्मार्ट म्हणाला की आता सामान फेकलं की कॉल बदलतो असा पायंडा पडला, आणि विरोधी टीमचा असला तरी त्याचं म्हणणं मला पटतं. पोरांच्या डोक्यात बाटली बसली असती तर? टेक्सासला अडीच लाख डॉलर दंड झाला तो योग्यच झाला. मॅच तर आपण 30-15 ने हरलोच.

माझा राग रेफरीवर नाहीये. बॉल हवेत, दोन पोरं फुल स्पीडमध्ये, आणि कोणी कोणाला अडवलं, बॉल पकडण्यासारखा होता का, हे सगळं अर्ध्या सेकंदात एका बाजूने बघून ठरवायचं. चुकला तर समोरच्याला 15 यार्डपर्यंत फुकट आणि वर फर्स्ट डाउन, म्हणजे पुढे सरकायला नव्याने संधी. पाय रेषेच्या आत पडला का बाहेर हे चार अँगलने तपासतात, आणि इंटरफिअरन्स झाला का नाही हे मात्र कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ रिव्ह्यूत बसतच नाही, हे कसलं लॉजिक?

2003 च्या फिएस्टा बोलमध्ये, म्हणजे कॉलेज चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये, मायामीची पोरं जिंकलो म्हणून मैदानात धावली, आतषबाजी सुरू झाली, आणि मग मायामीविरुद्ध याच इंटरफिअरन्सचा फ्लॅग आला. ओहायो स्टेट परत जिवंत आणि शेवटी 31-24 ने चॅम्पियन. उशीर का झाला तर तो ऑफिशियल म्हणाला, मी प्रसंग मनात परत एकदा बघितला. बिचाऱ्याने मनातल्या मनात रिप्ले चालवला हो! कोचला मॅचमध्ये एकदा तरी या कॉलला चॅलेंज करून रिप्ले मागू द्या, एवढंच मागणं आहे.