नियम सैल केले की गुंतवणूक येते, हा हिशेब चुकीचा आहे

‘पर्यावरणाचे नियम कडक केले की परकीय कंपन्या शेजारच्या देशात जातात, आधी कारखाने येऊ द्या, हवापाण्याचं नंतर बघू.’ हा दावा सगळीकडे फिरतो आहे आणि धोरणं ठरवणारेही तो मान्य करू लागले आहेत, म्हणून त्याची नीट तपासणी हवी.

आधी खर्च. अमेरिकेतल्या कारखान्यांच्या २००५ च्या सरकारी पाहणीत प्रदूषण-नियंत्रणाचा चालू खर्च विक्रीमूल्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरला. एवढ्यासाठी कोणी बंदर, वीज, कुशल कामगार आणि बाजारपेठ सोडून जात नाही. कापड रंगवणं, धातू वितळवणं अशा उद्योगांत हा वाटा जास्त असतो, आणि दाव्यात तथ्य आहे ते तिथेच. सिमेंटचा वाटाही जास्त, पण ते वजनामुळे सहसा बाजारपेठेजवळच बनवावं लागतं, म्हणून ते फार दूर जात नाही.

‘ढिलाई फुकट पडते’ हे तर साफ खोटं. युरोपीय संघाचा आयातीवरचा कार्बन आकार, म्हणजे माल बनवताना निघालेल्या कार्बन डायऑक्साइडवरचं शुल्क, १ जानेवारी २०२६ पासून या मालांवर लागू झाला: पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज. कोळशावर चालणाऱ्या झोतभट्टीतल्या एक टन पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. कार्बन डायऑक्साइडच्या एका टनाला ७० युरो धरले, तर पूर्ण आकारणीत टनभर पोलादामागे १४० युरो. सुरुवातीला भार नाममात्र आहे, पण तो २०३४ पर्यंत पूर्ण होईल, आणि आज उभारलेली भट्टी तेव्हा ऐन भरात असेल. मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत यातून वजा होते. म्हणजे ती न आकारणारा देश स्वतःचा महसूल युरोपला देतो. शिवाय उत्सर्जनाची पडताळलेली मोजणी नसेल तर ठोक आकडे लावतात, आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले असतात.

गुंतवणूकदार बिथरतो तो नियम मध्येच बदलल्यावर. स्पेनने सौरवीज प्रकल्पांना कबूल केलेले दर पुढे मागे घेतले, तेव्हा परकीय गुंतवणूकदारांनी आंतरराष्ट्रीय लवादांत दाव्यांची रांग लावली.

राहिलं ‘नंतर बघू’. २००३ ची इक्वेटर तत्त्वं स्वीकारलेल्या बँका मोठ्या प्रकल्पाला कर्ज देताना पर्यावरणीय आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास मागतात. घाईत एकाच ऋतूत पाण्याचे नमुने घेतले, तर कोरड्या दिवसांतला प्रवाह कळतच नाही; अहवाल परत येतो, कर्ज अडकतं. आणि बांधकाम सुरू झाल्यावर प्रकल्पाआधीच्या नदीची मोजणी करता येत नाही.